व्यसन सुटले, मूल घरी आले, पुढे काय?

व्यसनमुक्ती केंद्रातून मूल घरी येते त्या दिवशी घरात सणासारखे वातावरण असते. आई आवडीचा स्वयंपाक करते, मामा-काका भेटून जातात, ‘झाले गेले विसरून जा’ असे जो तो म्हणतो. संकट टळले असे सर्वांना वाटते. वैद्यकशास्त्र मात्र वेगळे सांगते. त्या दिवसापासूनचे पुढचे काही आठवडे सर्वांत जपण्याचे असतात. या काळात गाफील राहिल्यामुळे हाती आलेली मुले पुन्हा गेल्याची उदाहरणे जगभर आहेत.

वाचकहो, हा विषय आज मी एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या आधाराने मांडणार आहे. तिचे नाव ‘युफोरिया’. एच.बी.ओ. वाहिनीवर जून २०१९ मध्ये ती सुरू झाली आणि दुसरे पर्व जानेवारी २०२२ मध्ये आले. मूळ कल्पना याच नावाच्या एका इस्रायली मालिकेची. अमेरिकन मालिकेचे लेखक-दिग्दर्शक सॅम लेव्हिन्सन हे स्वतः तरुणपणी अमली पदार्थांच्या विळख्यात सापडले होते आणि त्यातून बाहेर आले. हे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. नायिकेचे काम करणाऱ्या झेंडाया या अभिनेत्रीला या भूमिकेसाठी २०२० आणि २०२२ असा दोनदा एमी पुरस्कार मिळाला.

एक गोष्ट आधीच सांगतो. ही मालिका मुलांना घेऊन पाहण्यासारखी मुळीच नाही. तिच्यात नग्नता, हिंसा आणि शिवीगाळ भरपूर आहे. मालिका मोठ्यांसाठी आहे, असे झेंडाया यांनीही दुसऱ्या पर्वाच्या वेळी प्रेक्षकांना बजावले होते. पण व्यसन आणि त्यातून सुटण्याची धडपड यांविषयी तिच्यात जे दाखवले आहे, त्यातले बरेचसे वैद्यकीय कसोटीला उतरते. तेवढेच निवडून आपल्यापुढे ठेवतो.

रू बेनेटची गोष्ट

रू ही सतरा वर्षांची शाळकरी मुलगी. घरी आई आणि धाकटी बहीण जिया. वडील कर्करोगाने गेलेले. लहानपणापासून रू हिला चिंतेचा आणि मनाच्या इतर विकारांचा त्रास आहे. वडिलांच्या आजारपणात घरात वेदनाशामक गोळ्या असत, त्या ती चोरून घेऊ लागते. पुढे मिळेल ते घेते. एके दिवशी मात्रा जास्त होऊन ती बेशुद्ध पडते आणि धाकट्या बहिणीला ती त्या अवस्थेत सापडते. मग उन्हाळाभर केंद्रात उपचार होतात. पहिल्या भागात ती घरी परत येते, पण पदार्थ सोडण्याचा तिचा विचारच नसतो. घरी येताच ती पुन्हा घ्यायला लागते.

इथे पहिला धडा आहे. केंद्रात शरीरातून पदार्थ निघून जातो, पण तो घेण्यामागची कारणे जागच्या जागी राहतात. वडिलांच्या जाण्याचे दुःख, झोप न येणे, जिवाची तगमग यांपैकी काहीच रू हिच्या बाबतीत बरे झालेले नव्हते. व्यसनाच्या जोडीला मानसिक आजार असलेले रुग्ण पुष्कळ असतात. अशा वेळी दोन्हींचे उपचार बरोबरीने व्हावे लागतात. एकाचेच केले तर दुसरा पुन्हा त्याला खेचून आणतो.

दुसरा धडा औषधांच्या डब्याचा. आपल्याकडेही घरात कोणी दीर्घ आजारी असले की झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामके, खोकल्याची औषधे साठतात. रुग्ण बरा होतो किंवा जातो, डबा तसाच राहतो. वयात आलेल्या मुलांच्या घरात अशी औषधे मोजून, कुलपात ठेवावीत. उरलेली औषधे कशी टाकावीत ते औषध दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारावे. हा संशय नव्हे. आपण रॉकेल उंचावर ठेवत होतो, त्यातलीच ही काळजी.

घरी परतल्यावरचा खरा धोका

अफूपासून बनणारे पदार्थ, म्हणजे हेरॉइन, ब्राऊन शुगर आणि त्याच जातीची वेदनाशामके, रोज घेतली की शरीर सरावते. सुरुवातीला जी मात्रा जड जाते, ती काही महिन्यांनी काहीच वाटत नाही. म्हणून मात्रा वाढत जाते. केंद्रात महिना-दोन महिने पदार्थ बंद राहिला की शरीराचा हा सराव ओसरतो. मनाची आठवण मात्र जुन्याच मात्रेची असते. अशा वेळी मुलाने ‘एकदाच’ म्हणून पूर्वीइतकी मात्रा घेतली तर मेंदूतील श्वास चालवणारे केंद्र मंदावते. श्वास हळू होतो, ओठ आणि नखे निळसर पडतात, घशातून घरघर ऐकू येते, हाक मारली तरी उत्तर येत नाही. ‘झोपलाय, झोपू दे’ असे घरच्यांना वाटते आणि त्याच झोपेत प्राण जातो.

दारू किंवा झोपेच्या गोळ्या जोडीला असल्या तर धोका कितीतरी वाढतो. या मालिकेत फेझको या तरुणाचे काम करणारा अभिनेता अँगस क्लाउड जुलै २०२३ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेला. चुकून झालेल्या अतिमात्रेने मृत्यू, असा निष्कर्ष अधिकाऱ्यांनी दिला आणि शरीरात फेंटानिलसह अनेक पदार्थ सापडल्याचे सांगितले. फेंटानिल हे मॉर्फिनपेक्षा कितीतरी पटींनी तीव्र असे वेदनाशामक आहे. पडद्यावरची गोष्ट आणि खरे आयुष्य यांत अंतर फार नसते, ते असे.

असे लक्षण दिसले तर रुग्णाला कुशीवर वळवावे, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी, श्वास थांबला असेल आणि येत असेल तर तोंडाने श्वास द्यावा. काय घेतले होते ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. अफूजन्य पदार्थांवर नॅलोक्सोन नावाचा उतारा आहे. तो वेळेवर मिळाला तर माणूस काही मिनिटांत श्वास घेऊ लागतो. पण काय घेतले हेच घरच्यांनी लाजेपोटी लपवले तर डॉक्टरांचा वेळ अंदाज बांधण्यात जातो.

तो अवघड आठवडा

दुसऱ्या पर्वाचा पाचवा भाग पाहताना अनेक पालकांच्या अंगावर काटा येईल. आईला सगळे कळलेले असते आणि रू हिने लपवलेला पदार्थ नष्ट झालेला असतो. पदार्थ गेला हे कळताच ती मुलगी दारे तोडते, आईला नको नको ते बोलते, क्षणात तिच्या गळ्यात पडून रडते आणि क्षणात पुन्हा उसळते. आई तिला इस्पितळात नेत असताना ती भर रस्त्यात गाडीतून उतरून पळते. लोकांच्या घरात शिरून चोरीही करते.

‘एवढी निर्दयी कशी झाली ही पोर?’ असा प्रश्न इथे पडतो. तिच्या शरीरात त्या वेळी काय चालले होते ते समजून घेतले तर उत्तर मिळते. ब्राऊन शुगरसारखा पदार्थ थांबला की आठ ते चोवीस तासांत त्रास सुरू होतो. जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, हाडे मोडल्यासारखे दुखणे, उलट्या, जुलाब, झोप पूर्ण उडणे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे शिगेला पोहोचते आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत उतरते. या काळात तो पदार्थ मिळवण्याखेरीज दुसरा विचार मेंदूत शिरत नाही. त्या वेळचे शब्द मनाला लावून घेऊ नयेत. मात्र चोरी, मारहाण खपवूनही घेऊ नये. घर सुरक्षित ठेवावे आणि डॉक्टरांची मदत घ्यावी.

दारू आणि झोपेच्या गोळ्या यांबाबत एक सूचना फार महत्त्वाची आहे. रोजची, भरपूर सवय असताना हे पदार्थ घरच्या घरी एकदम बंद केले तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि जीवही जाऊ शकतो. खोलीत कोंडून ‘सुटते कसे नाही बघतो’ असे म्हणणारे वडील मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, उपाय धोक्याचा असतो. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.

तपासणी म्हणजे उपचार नव्हे

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ आले. मुलाला दोन महिने केंद्रात ठेवून आणले होते. त्यांची मागणी एकच होती : ‘दर आठवड्याला याची लघवी तपासून द्या. बाकी मी पाहतो.’ मुलगा शेजारी मान खाली घालून बसला होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारले, दिवसभर काय करतोस? तो म्हणाला, ‘काही नाही. घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. फक्त बघतात.’

मालिकेत रू हीसुद्धा तपासणीतून सुटण्यासाठी मैत्रिणीची लघवी घेऊन जाते आणि आई निश्चिंत होते. तपासणीचा उपयोग थर्मामीटरसारखा आहे. ताप कळतो, उतरत नाही. मी त्या वडिलांना सांगितले, तपासणी करू, पण रोज संध्याकाळी अर्धा तास मुलाबरोबर चालायला जा आणि त्या अर्ध्या तासात व्यसनाचा विषय काढू नका. वडिलांना ते फार काही पटले नाही, पण ते करीत राहिले. मधे एकदा मुलगा घसरला आणि त्याने ते स्वतः वडिलांना सांगितले. माझ्या मते उपचाराला खरे वळण तिथे लागले.

घसरणे म्हणजे सर्व संपणे नव्हे

पहिल्या पर्वात रू काही काळ सावरते आणि शेवटी पुन्हा घेते. अनेकांना हा शेवट निराशेचा वाटला. मला तो खरा वाटला. मधुमेह्याची साखर दिवाळीत वाढली म्हणून आपण त्याला ‘तुला काही अर्थ नाही’ असे म्हणत नाही. पथ्य तपासतो, औषध बदलतो. व्यसनही असाच दीर्घकाळ सांभाळायचा आजार आहे. निर्णय घेणारा, मोहाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशी उलटल्यावर काही वर्षांनी पूर्ण परिपक्व होतो. कोवळ्या वयात लागलेले व्यसन म्हणूनच घट्ट बसते. मुलाची जबाबदारी यामुळे संपत नाही. पण निश्चय मोडला याचा अर्थ निश्चय खोटा होता असा नसतो.

आपल्या रंगभूमीने हे शतकापूर्वीच दाखवले आहे. राम गणेश गडकरी यांच्या १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’मधील सुधाकरही मध्ये दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. सिंधूसारखी पत्नी असून त्याला सावरता आले नाही. त्या काळी त्याला अशा कामातला अनुभवी माणूस भेटण्याची सोयच नव्हती.

रू हिला तो माणूस भेटतो. त्याचे नाव अली. वयस्क, स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला, संसार गमावून बसलेला. बैठकीत ती ‘साठ दिवस झाले, काही घेतले नाही’ असे खोटेच सांगते. तो ते ओळखतो, कारण त्यानेही असेच खोटे बोलून झालेले असते. डिसेंबर २०२० मधल्या एका विशेष भागात तर नाताळच्या आदल्या रात्री हे दोघे एका उपाहारगृहात बसून नुसते बोलतात. पुढे रू त्याच्याशी फार वाईट वागते. पण ती फोन करून क्षमा मागते तेव्हा तो क्षमा करतो आणि तिच्या घरी येऊन सर्वांसाठी जेवण बनवतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ साली आणि नार्कोटिक्स ॲनॉनिमस १९५३ साली याच तत्त्वावर अमेरिकेत उभी राहिली : एका व्यसनीला दुसरा सुधारलेला व्यसनी जितका समजून घेतो, तितका कोणी घेत नाही. आपल्याकडेही या संघटनांच्या बैठका अनेक गावांत होतात. त्यांना फी नसते.

नुसते ‘नाही म्हणा’ पुरत नाही

ब्रिटनमध्ये बी.बी.सी.वर ‘ग्रेंज हिल’ नावाची शाळकरी मुलांची मालिका १९७८ पासून २००८ पर्यंत चालली. तिच्यातला झॅमो नावाचा सर्वांचा लाडका मुलगा १९८६ मध्ये हेरॉइनच्या नादी लागल्याचे दाखवले गेले. ‘नुसते नाही म्हणा’ या अर्थाचे गाणे त्या मुलांनी ध्वनिमुद्रित केले आणि ते तिथल्या लोकप्रिय गाण्यांत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनी या मुलांचे स्वागत केले. घोषणा चांगलीच होती. पण पोलिसांनी शाळाशाळांतून ‘नाही म्हणा’ शिकवण्याचा ‘डेअर’ नावाचा अमेरिकन कार्यक्रम पुढे अनेकदा तपासला गेला, तेव्हा मुलांच्या व्यसनावर त्याचा टिकाऊ परिणाम दिसला नाही. याच ‘डेअर’ने २०२२ मध्ये ‘युफोरिया’ व्यसनाचे उदात्तीकरण करते अशी टीका केली. झगमगाटी चित्रणाबद्दलची ती टीका अगदीच गैरलागू नाही. पण ज्या मुलाने एकदा ‘हो’ म्हटले आहे, त्याला काय सांगायचे याचे उत्तर घोषणेत सापडत नाही.

ते उत्तर महाराष्ट्रात त्याच १९८६ साली शोधले जात होते. मुंबई-पुण्यात ‘गर्द’ पसरला होता. अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केले, त्याचे ‘गर्द’ हे पुस्तक झाले. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. तिथे मुलांना मारझोड नाही, कोंडणे नाही. सुधारलेले रुग्णच कार्यकर्ते होतात आणि रुग्णांच्या पत्नींचाही वेगळा गट आहे. घरी गेल्यावर पाठपुरावा हा तिथल्या उपचाराचाच भाग मानला जातो.

आपल्या गावात

‘आपल्याकडे कुठे हेरॉइन?’ असे म्हणून निश्चिंत राहू नका. एम्सच्या देखरेखीखाली झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत एक गोष्ट ठळकपणे दिसली. हुंगण्याचे पदार्थ तेवढे असे आहेत, ज्यांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा (०.५८ टक्के) १० ते १७ वर्षांच्या मुलांत (१.१७ टक्के) जास्त आहे. हे पदार्थ म्हणजे व्हाइटनर, थिनर, पंक्चर काढण्याचे सोल्युशन. ते स्टेशनरीच्या आणि सायकलच्या दुकानात मिळतात. हुंगताना हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो. याखेरीज खोकल्याची औषधे आणि पोरांच्या भाषेत ‘बटण’ म्हणवणाऱ्या झोपेच्या गोळ्या आहेतच. रुमालाला वास, ओठांभोवती पुरळ, मित्र अचानक बदलणे, पैसे गायब होणे, दिवसा झोप आणि रात्री जागरण, ही लक्षणे एकत्र दिसली तर शांतपणे विचारा.

घरच्यांनी एवढे करावे

१. घरी आणण्यापूर्वीच पुढची तपासणीची तारीख, डॉक्टर आणि बैठकीचे ठिकाण ठरवून घ्या.

२. ‘एकदाच घेतले तरी आता शरीर पूर्वीसारखे सोसणार नाही’ हे मुलाला आणि घरातल्या प्रत्येकाला स्पष्ट सांगा.

३. हातात रोख पैसे देऊ नका, पण ‘चोर’ म्हणून हिणवूही नका. व्यवहार ठरवून घ्या आणि पाळा.

४. दिवस रिकामा ठेवू नका. शाळा, शेत, दुकान, व्यायाम, काहीतरी नेमाचे काम हवे.

५. घसरल्यास लपवू नये, असा करार करा. खरे सांगितल्याबद्दल मारू नका.

६. धाकट्या भावंडांकडे लक्ष द्या. मालिकेतल्या जियासारखी ती गप्प राहून सगळे सोसत असतात.

७. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी दिली तर ‘हे दुसरेच व्यसन’ म्हणून बंद करू नका. तिने तलफ आवरते आणि मृत्यू टळतात.

८. बांधून ठेवणाऱ्या, मारहाण करणाऱ्या केंद्रात मुलाला टाकू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक आजारही येतात आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात मनाई आहे. केंद्र नोंदणीकृत आहे का ते विचारा.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ पालक मुलाला डॉक्टरकडे आणत नाहीत. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच कलम ६४-अ आहे. अल्प प्रमाणात पदार्थ सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी पूर्ण उपचार घेतले तर खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद त्यात आहे. उपचार घेणे हा गुन्हा नाही. केंद्र शासनाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे आणि मानसिक त्रासासाठी ‘टेलिमानस’ १४४१६ वर आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस रू एवढेच सांगते की शाळेचे उरलेले वर्ष तिने काही घेतले नाही. आयुष्यभराचे वचन ती देत नाही. घरच्यांनीही ते मागू नये. आजचा दिवस कसा गेला एवढे विचारावे आणि उत्तर काहीही आले तरी ऐकून घ्यावे.